माझ्या आजाराचं नाव मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं

माझी बायको सुमन, माझा थोरला भाऊ आणि अंधेरीतले आमचे फॅमिली डॉक्टर, या तिघांनी मिळून मला जवळजवळ वर्षभर फसवलं. पैशात नव्हे. व्यवहारात मला गंडवणारा माणूस अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मला भेटला नाही. त्यांनी मला माझ्याच डोक्याच्या बाबतीत फसवलं. मेंदूला रक्त नेणारी माझी एक रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. हे तिघांना ठाऊक होतं. मला सांगितलं गेलं की मान आखडली आहे.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी बरा आहे. बोलतो, चालतो, भांडतो. उजव्या हाताची पकड थोडी कमी आहे, आणि दमलो की एखादा शब्द जिभेपर्यंत येऊन परत फिरतो. मग आता हे का लिहितो? एक तर राग गेलेला नाही. दुसरं म्हणजे, हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आज एखाद्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं असेल, आत पेशंट झोपलेला असेल आणि बाहेर त्याच्याबद्दल काहीतरी ठरत असेल. त्या माणसाने हे वाचावं.

विमान गेल्यावर

माझा धंदा जुन्या मशीनचा. लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर. बंद पडलेल्या कारखान्यातून उचलायचं, दुरुस्त करायचं आणि लहान वर्कशॉपवाल्यांना विकायचं. मालवणकडून आलो तेव्हा आधी गिरणीत लागलो, कारण दादा तिथे होता. पण कुणाच्या हाताखाली काम करणं मला जमलं नाही. जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, जुंपली आणि मी बाहेर पडलो. पुढे अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड मिळवली. शिक्षण सातवी. इंग्रजी जे काही आलं ते मशीनवरच्या पाट्या आणि त्यांची पुस्तकं वाचून.

ती अंधेरी आता शोधून सापडणार नाही. मरोळच्या बाजूला तेव्हा अजून भातशेतीचे तुकडे होते, म्हशींचे तबेले होते. आमच्या गल्लीत दिवसभर ऑइलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. आणि डोक्यावरून विमानं. इतकी खालून जायची की शेडचे पत्रे थरथरायचे. त्यामुळे आमच्या गल्लीत एक रिवाजच पडला होता. विमान डोक्यावर आलं की बोलणं थांबवायचं. अर्ध्या वाक्यात असलात तर अर्ध्या वाक्यात. चहाचा घोट घ्यायचा, विमान जाऊ द्यायचं, आणि जिथे थांबलो त्याच शब्दावरून पुढे बोलायचं. नवं गिऱ्हाईक ओरडून बोलायला बघायचं, जुनं गिऱ्हाईक थांबायचं. त्या थांबण्यात मी कितीतरी सौदे फिरवले आहेत. समोरच्याचा चेहरा वाचायला तेवढा वेळ पुरतो.

एका दुपारी घाटकोपरचा एक वर्कशॉपवाला कॉम्प्रेसर बघायला आला होता. चिवट माणूस. त्याने भाव सांगितला आणि विमान आलं. आम्ही थांबलो. विमान गेलं. आता बोलायची पाळी माझी होती आणि शब्द येईना. काय बोलायचं ते मला पक्कं माहीत होतं. तोंड उघडत होतं. पण डोकं आणि तोंड यांच्यामधला बेल्टच तुटल्यासारखं झालं. उजव्या हातातला कप निसटून खाली पडला.

त्या माणसाला वाटलं, शेठ अडून बसलाय. त्याने स्वतःहून भाव वाढवला. मी गप्प. त्याने पुन्हा वाढवला. मी त्याच्याकडे बघत गप्प. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अरे बोल तो सही, अब क्या जान लेगा?" तेवढ्यात हातात जीव आला आणि माझ्या तोंडून "चालेल" निघालं.

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. म्हटलं, आज काही न बोलता मशीन विकलं. सुमन हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "पण कप का पडला?"

पडद्यामागे

पुढे जेवताना एकदा हातातली भाकरी तशीच गळून पडली, तेव्हा सुमन मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आमच्या डॉक्टरांबद्दल एक गोष्ट खरी सांगायला हवी. हाताला गुण होता. आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांची बाळंतपणं, टायफॉइड, कावीळ त्यांनीच निभावली होती. त्यांनी माझी छाती तपासली आणि मग स्टेथोस्कोप मानेवर ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मान कशाला ऐकतात ते मला तेव्हा कळलं नाही.

मेंदूचा सीटी स्कॅन सांगितला. उपनगरात ते मशीन आमच्या माहितीत कुठेच नव्हतं. दादाला घेऊन टॅक्सीने टाऊनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, गेलो. मशीन बघून मी तिथल्या माणसाला विचारलं, नवीन आणलंत की सेकंडहँड? तो म्हणाला, डोकं हलवू नका. दुसऱ्या खेपेला जांघेतून बारीक नळी घालून मानेतल्या रक्तवाहिन्यांत रंग सोडला आणि फोटो काढले. तो रंग वर चढला तेव्हा डोळ्याच्या मागे कुणी उकळता चहा ओतावा तसं झालं. ती आग अजून आठवते.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं परत आमच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मला हिरव्या पडद्यामागच्या टेबलावर झोपवलं, म्हणाले जरा पडून राहा, आणि सुमनला बाहेर बोलावलं. दादाही गेला. मी पंख्याकडे बघत पडलो होतो. बाहेर कुजबुज चालली होती. परत आले तेव्हा सुमनचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा ओला होता. म्हणाली, फार उकडतंय.

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "बघा शेठ. मेंदू एकदम स्वच्छ. कुठे काही नाही." मी स्वतः बघितलं. त्यात ते खोटं बोलले नाहीत. तेव्हा मेंदूत खरोखरच काही नव्हतं. पण रंग सोडून काढलेल्या फोटोंचं पाकीट टेबलावर तसंच बंद होतं.

मी विचारलं, "आणि ते?"

"ते मानेचं. मान आखडलीय तुमची. स्पाँडिलायटिस."

"मान तर माझी दुखत नाही."

"हाताला मुंग्या येतात ना? त्या मानेतूनच येतात."

"आणि बोलणं बंद होतं ते?"

याचं उत्तर दादाने दिलं. "उपाशी पोटान उन्हातसून फिरतंस, गॅस चढता डोक्यात. दुसरा काय?" आणि ते पाकीट त्याने काखोटीला मारलं.

मी आयुष्यात मशीन चालवून बघितल्याशिवाय विकत घेतलं नाही. रंग मारून चकाचक केलेलं मशीन नजरेला फसवतं. त्याच्यावर लोड टाकला की खरं काय ते कळतं. मला त्या दिवशी दाखवला तो बंद मशीनचा फोटो होता. चालू मशीनचा फोटो, म्हणजे रक्त कुठून कसं वाहतं आणि कुठे अडतं तो, दादाच्या काखेत होता.

पट्ट्याचे दिवस

त्या काळात उपनगरात ज्याला त्याला स्पाँडिलायटिस होता. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, किराणावाला, सगळ्यांच्या मानेला पट्टा. मीही घेतला. केमिस्टशी घासाघीस करून घेतला. तो म्हणाला, "शेठ, पट्ट्याचा कुणी भाव करतं का?" मी म्हटलं, तू भाव लावलायस ना, म्हणून करतो.

पट्टा लावल्यावर मान वळवता येत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. गिऱ्हाइकाने काही भाव सांगितला की मी खुर्चीसकट हळूहळू त्याच्याकडे वळायचो. तेवढ्यातच ते घाबरायचं. गल्लीत माझं नाव कॉलरवाले शेठ पडलं.

गोळ्या रोज होत्या. सुमन पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची आणि मी गिळल्याशिवाय हलायची नाही. जेवणातलं मीठ कमी झालं. सुके बांगडे बंद. माझी सिगारेटची पाकिटं घरातून नाहीशी व्हायची. मी विचारायचो, मानेला मीठ काय करतं? ती म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय. मग भांडण.

पण त्याच दिवसांत तिने एक नवीन सुरू केलं. दुपारी डबा घेऊन ती स्वतः शेडवर यायला लागली आणि आली की जायची नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तांदूळ निवडायची, स्वेटर विणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझा धंदा तिने तोवर बघितला नव्हता. मी भाव करायला लागलो की ती खाली मान घालून हसायची. संध्याकाळी शेड बंद करून आम्ही दोघं चालत घरी. वाटेत मरोळच्या बाया टोपलीत मुळा, लाल माठ घेऊन बसायच्या. तिथे भाजी घ्यायची, नाक्यावर एक चहा दोघांत. आमच्या पोरी मोठ्या होऊन सासरी गेल्या होत्या. मला वाटायचं, चला, आता कुठे आमच्या दोघांचे दिवस आले. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी त्याच.

काही महिन्यांनी मला एकदम बरं वाटायला लागलं. झटका पुन्हा आला नव्हता. मान तर कधी दुखलीच नव्हती. न दुखणाऱ्या मानेसाठी रोज गोळ्या कोण खाईल? मी त्या जिभेखाली धरून ठेवायचो आणि मोरीत थुंकायचो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या होत्या त्या. मला माहीत असतं तर थुंकल्या असत्या का?

रविवार सकाळ

तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर ती पौराणिक मालिका लागायची आणि रस्ते ओस पडायचे. आमच्या नाक्यावरच्या सलूनवाल्या पांडूकडे टीव्ही नव्हता, आणि त्याचा टीव्हीवर भारी राग, कारण ऐन रविवारी त्याच्या खुर्च्या रिकाम्या. मला गर्दी आवडत नाही म्हणून मी मुद्दाम त्याच वेळी जायचो. पांडूही मग फुरसतीने केस कापायचा, तेल घालून चंपी करायचा, आणि शेवटी मान डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, कडाक्. तेव्हा त्याशिवाय कटिंग पुरी झाल्यासारखं कुणालाच वाटायचं नाही.

त्या रविवारी त्याने पट्टा काढून खुंटीला टांगला आणि म्हणाला, "शेठ, मान आखडलीय म्हणे? दोन झटक्यांत मोकळी करतो. डॉक्टर काय करणार ह्यात?"

मी म्हटलं, कर.

आखडलेली मान घेऊन माणूस आणखी कुणाकडे जातो?

डावीकडची मान वाजली. उजवीकडची वाजली आणि मला आरशात माझं अर्धं तोंड खाली ओघळताना दिसलं. पांडूला वाटलं मी वेडावतोय. तो हसला. मग मी खुर्चीतून खाली आलो. तो रिक्षा आणायला धावला तर नाक्यावर रिक्षांची रांग उभी आणि आत एकही ड्रायव्हर नाही. सगळे तळमजल्यावरच्या एका खिडकीला लटकून टीव्ही बघत होते. त्यातल्या एकाला कॉलर धरून त्याने ओढत आणलं.

पांडूबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला आखडलेली मान सांगितली होती, त्याने आखडलेल्या मानेचा इलाज केला. पुढे हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, त्या झटक्याने झालं, गोळ्या बंद केल्यामुळे झालं, की तसंही होणारच होतं, हे आता कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पांडू मात्र महिनाभर वॉर्डात येऊन माझी दाढी करून जायचा. माझ्या मानेपाशी आला की वस्तरा बाजूला ठेवायचा.

जीभ गेली, कान होते

उजवा हात, उजवा पाय लुळा आणि वाचा बंद. हॉस्पिटल आमच्याच बाजूचं, जनरल वॉर्ड. सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग दूध, मग राउंड. दुपारभर सुस्ती, आणि चार वाजले की दार उघडायचं आणि सगळं उपनगर डबे घेऊन आत घुसायचं. कुणाच्या डब्यात खिमा, कुणाच्या डब्यात पेज. शेजारच्या खाटेवर मरोळ गावठाणातले एक ख्रिस्ती आजोबा होते, इनास नावाचे. त्यांचं हृदयाचं दुखणं होतं, पण माझ्या वतीने ते वॉर्डबॉयशी भांडायचे. मला लघवीला हवंय, मला पाणी हवंय, हे माझ्या डोळ्यांवरून त्यांना आधी कळायचं. मला ते गव्हर्नर म्हणायचे. "गव्हर्नर, आज तुमची नर्स रजेवर. मी आहे."

लोकांचा एक समज असतो, ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही. राउंडला आलेला एक शिकाऊ डॉक्टर माझ्या पायाशी उभा राहून दुसऱ्याला इंग्रजीत सांगत होता की याची रक्तवाहिनी अरुंद असल्याचं वर्षभरापासून माहीत होतं. तेवढं इंग्रजी मला येतं. मी ते ऐकलं आणि वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असेल.

त्या दिवशी भेटीच्या वेळी सुमन आणि दादा माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडायला लागले.

"भावोजी, तुम्हीच म्हणालात, त्यांना सांगायचं नाही."

"माझ्यार ढकलू नको. डॉक्टर म्हणाले. मी फक्त हो म्हटलं."

"डॉक्टर आता म्हणतात, घरच्यांची इच्छा होती."

"मग तुझी असतली."

"मला कुणी इच्छा विचारली?"

इनासकाका उशीवरून डोकं उचलून म्हणाले, "बाई, त्याची जीभ गेलीय. कान नाय गेले."

दोघं माझ्याकडे वळले. आयुष्यभर मला राग आला की तो सगळ्या गल्लीला ऐकू गेलाय. त्या दिवशी एवढा मोठा राग आला आणि तोंडातून निघालं काय, तर "ता, ता". दादा नारळपाणी आणतो म्हणून गेला तो त्या दिवशी परत आला नाही. सुमन खाली बसली आणि माझा लुळा हात तिने मांडीवर घेतला. मला हात काढून घ्यायचा होता. तो निघेना.

मेलेलं आणि उपाशी

अरुंद जागा कवटीच्या आत, वर होती. मानेत असती तर कापून साफ करता आली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नवीन सीटी स्कॅनमध्ये या वेळी एक लहान काळा डाग आला होता. माझं बोलणं परत येईल का, हे मात्र कुणी सांगेना. मोठे डॉक्टर म्हणाले, फोटोत मेंदूचा आकार दिसतो, त्याच्यात रक्त किती पोचतंय ते बघायला पाहिजे. त्याची तपासणी तेव्हा नवीन होती. पुन्हा टाऊनला.

या खेपेला नळी नाही, आग नाही. दंडाच्या शिरेतून एक औषध दिलं. ते थोडं किरणोत्सर्गी असतं. रक्त जिथे जिथे जातं तिथे ते जाऊन बसतं, आणि डोक्याभोवती फिरणारं मशीन ते कुठे किती बसलंय ते बघतं. जिथे रक्त भरपूर तिथे उजळ दिसतं, जिथे कमी तिथे मंद. माझ्या मनात आलं, अखेर कुणीतरी हे मशीन चालू करून बघतंय.

तिथे एक डॉक्टर बाई होत्या. चित्र हातात घेऊन त्या बाहेर आल्या आणि दादाकडे वळून बोलायला लागल्या. मी डाव्या हाताने त्यांचा कोट पकडला.

दादा म्हणाला, "त्याचं मनावर घेऊ नका. तापट आहे. तुम्ही मला सांगा."

त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं. मग दादाला विचारलं, "पेशंट कोण आहे?" आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या.

चित्र त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरलं. उजवा अर्धा भाग दिवाळीसारखा उजळलेला. डावीकडे मोठा पट्टा मंद, आणि त्याच्या मध्ये एक छोटा ठिपका पूर्ण काळा. म्हणाल्या, "हा काळा ठिपका मेलाय. तो परत येणार नाही. पण हा मंद भाग मेलेला नाही. उपाशी आहे. मोठा रस्ता अरुंद झालाय, पण आजूबाजूच्या बारीक वाटांनी थोडं थोडं रक्त येतंय. उपाशी माणूस काम करत नाही, म्हणून बोलणं बंद आहे. खायला मिळालं तर करेल. किती करेल ते मला आज सांगता येणार नाही. आणि पुन्हा झटका येऊ शकतो, हेही खरं. गोळी चुकवायची नाही, सिगारेट ओढायची नाही. घाबरलात?"

मी मान हलवली. नाही.

घाबरलो होतो. पण ती भीती माझी होती, माझ्या हातात दिलेली. आणि ज्यांना वाटतं की तापट माणसाला खरं सांगितलं की तो आकांडतांडव करतो, त्यांनी ऐकून ठेवा. त्या दिवसापासून मी एकही गोळी चुकवली नाही आणि सिगारेट तोंडाला लावली नाही. मला कुणी धमकी दिली नाही, हात जोडले नाहीत. फक्त चित्र दाखवलं.

भाव कर

घरी आलो. चालता यायला लागलं. बोलण्यासाठी एक बाई कार्डं दाखवायच्या. हा कप, ही छत्री, हे केळं. मी लेथ विकणारा माणूस, केळं म्हणायला शिकत होतो. एकेक सुटा शब्द यायचा, पण दोन शब्द एकमेकांना जोडले जायचे नाहीत. मी कार्डं फेकली.

मग सुमनने एक दिवस रिक्षा बोलावली आणि मला वेसाव्याच्या मासळी बाजारात नेलं. तिथे चांगुणा नावाची कोळीण होती. तिच्याशी माझं वर्षानुवर्षं वैर. मला पाहिलं की तिची टोपली आपोआप महाग व्हायची. सुमन मागे थांबली, मला पुढे ढकललं.

मी पापलेटाकडे बोट दाखवलं. तिने भाव सांगितला. मी डाव्या हाताने निम्मा दाखवला. चांगुणाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, आणि पापलेट उचलून माझ्या पिशवीत टाकलं. म्हणाली, "न्या शेठ. तुम्ही म्हणाल तसं."

एवढ्या वर्षांत तिने मला अहो-जाहो केलं नव्हतं. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"न... नाय."

"काय नाय?"

"अ... असं नाय. भा... भाव कर."

तिने पिशवीतून पापलेट काढून पुन्हा टोपलीत आपटलं आणि कमरेवर हात ठेवले. "भाव करू? मग तोंड उघड ना. बोटं काय नाचवतोस? ह्या भावात तुला कोलंबीची साल पण नाय मिळायची."

"शि... शिळा."

"शिळा? तुझा बाप शिळा."

माणसं जमली. बाजूच्या कोळणी हसायला लागल्या. ती मला बोलू देईना, आणि मी तिच्या आवाजावर आवाज चढवायला गेलो, आणि माझ्या तोंडातून सरळ निघालं, "कालचा आहे तो, डोळे बघ त्याचे."

पूर्ण वाक्य. अडखळलं नाही. मागे सुमन पदर तोंडाशी धरून उभी होती.

चांगुणाने एक पैसा कमी केला नाही. तिच्या भावाने पापलेट घेऊन, हरलेला सौदा करून मी आनंदाने घरी गेलो. त्यानंतर आठवड्यातून दोनदा बाजार. कार्डंवाल्या बाईंना सुट्टी दिली.

एक प्रश्न

बोलता यायला लागल्यावर मी तिघांना एकेक करून विचारलं, सांगायचं नाही असं पहिलं कोण म्हणालं?

दादा म्हणाला, डॉक्टर. शेवटपर्यंत तेच म्हणाला, आणि लगेच विषय बदलून गावच्या घराच्या कौलांवर यायचा. आता तो नाही. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "शेठ, तुमच्या घरच्यांचीच तशी इच्छा होती. आपल्याकडे असंच करतात. तुमच्या भल्यासाठीच केलं ना?"

सुमन बरेच महिने, मी विचारलं की उठून स्वयंपाकघरात जायची. मग एका दुपारी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता आपण होऊन सांगायला लागली. त्या दिवशी मी पडद्यामागे असताना डॉक्टरांनी बाहेर नेऊन तिला पहिला प्रश्न विचारला तो हा, "यांचा स्वभाव कसा आहे?"

तिला वाटलं, औषध ठरवायला विचारत असतील. ती म्हणाली, तापट.

डॉक्टरांनी दादाकडे बघितलं, दादाने मान हलवली. मग डॉक्टर म्हणाले, "तर मग सांगू नका. रक्तदाब चढेल आणि जी थोडी वाट उघडी आहे ती बंद होईल. तुम्ही बोललात आणि काही झालं, तर जबाबदारी तुमची."

सुमन मला म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या तोंडून निघालं आणि तुम्ही तिथेच गेलात तर? म्हणून मी तुमच्याशी जास्त बोलायचीच नाही. नुसती येऊन बसायची."

तेव्हा मला शेडमधल्या त्या स्टुलाचा अर्थ कळला. तांदूळ निवडताना तिची नजर तांदळावर नसायची, माझ्या उजव्या हातावर असायची. त्या मरोळच्या संध्याकाळी मी सुखात होतो, आणि माझ्या बरोबरीने चालणारी बाई दर पावलाला मी पडतो का ते बघत होती. एकच रस्ता, एकच चहा. अजूनही त्या संध्याकाळी मला आठवतात, आणि त्या आठवताना गोड वाटावं तेवढ्यात हे मध्ये येतं. माझ्या चांगल्या दिवसांवरचा माझा हक्कही त्यात गेला.

डॉक्टर, तुम्ही आता दवाखाना बंद केलात, पार्ल्याला असता, रोज पेपर-मासिकं वाचता असं कळलं. म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचेल. मला फसवलंत, त्यावर तुमचं माझं भांडण आहे आणि ते मी माझ्या पद्धतीने चालू ठेवीन. हे त्याच्याबद्दल नाही. आजारी मी होतो, पडद्याच्या आत जागा होतो, आणि माझा स्वभाव तुम्ही बाहेर माझ्या बायकोला विचारलात. तिने एक शब्द सांगितला. त्या एका शब्दावर तुम्ही माझं मरण तिच्या जिभेवर ठेवलंत आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. वर्षभर ती ते तोंडात धरून माझ्याशेजारी जेवली, चालली, हसली. तिला भीती वाटली तर तिने कुणाकडे जायचं होतं, हे तुम्ही तिला सांगितलं होतंत का? एकदा तरी बोलावून विचारलंत का, बाई, तुमचं कसं चाललंय?

याचं उत्तर द्या. मला नको, मला तुमची उत्तरं पाठ आहेत. तिला द्या, समोर बसून. घर तुम्हाला माहीत आहे. दुपारी ती घरीच असते.